लाल दोऱ्यातल्या सात पुड्या

“कुठं गावलं?”

तात्यांचा, माझ्या वडिलांचा, हा आवाज अजून माझ्या कानात आहे. नाणं घेऊन कुणी आलं, की तात्या आधी नाण्याला हात लावायचे नाहीत. कशेळ्याच्या शाळेच्या ओट्यावर दोन्ही हात पाठीशी घेऊन उभे राहायचे आणि आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत एवढंच विचारायचे. घरात ते आमच्यासारखं ‘सापडलं’ म्हणत. वाडीवरच्या माणसांशी बोलताना मात्र ‘गावलं’ म्हणत, आणि असं मऊ म्हणत, की माणूस नाण्याचा भाव विसरून जागा सांगू लागे. नांगराच्या फाळाला लागलं. शेतात राब भाजताना राखेत चमकलं. खेकडा धरायला बिळात हात घातला, तर खेकड्याऐवजी हे आलं.

मग मला हाक यायची. “उमे, लिही.”

मी आठ वर्षांची होते. जोडाक्षरं नुकती जमायला लागलेली. कागदाची पुडी घ्यायची, तिच्यावर आणणाऱ्याचं नाव घालायचं आणि जागा लिहायची. नाणं कुठल्या राजवटीचं, कुठल्या टांकसाळीतलं, हे तात्या मागाहून आपल्या वहीत टिपत. पुडीवर अक्षर माझं. माणसाला एका नाण्यामागे एक पायली भात मिळे, मग नाणं तांब्याचं असो की रुप्याचं. चंद्राबाई आत्या म्हणायची, “दादाला चांदी आणि तांबं यांतला फरक कळत नाही, म्हणूनच तो मास्तर झाला.”

आत्यानं एकदा दसऱ्याच्या भांड्यांबरोबर चार शिवराया चिंचेनं लखलखीत घासून ठेवल्या होत्या. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. “माझ्या नाण्यांची माती धुतलीस गं,” एवढंच म्हणाले. आत्यानं ते आयुष्यभर लोकांना हसत सांगितलं, पण पुन्हा नाण्यांच्या पेटीला हात लावला नाही.

तात्या गेल्या कार्तिकात गेले. खालापूर, कशेळं आणि शेवटी कर्जत, अशा तीन शाळांतून त्यांच्याबरोबर फिरलेली ती सागवानी पेटी देवघराशेजारी होती. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘हे उमेचे.’ हेमचंद्रदादानं ती वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि पेटी माझ्याकडे सरकवली. दादा माझा भला आहे. दादरच्या एका खोलीत सहा माणसं पोसतो आणि तरी येताना माझ्यासाठी कागद, दौत, जुनी मासिकं घेऊन येतो.

मला पुण्याला जायचं होतं. बायकांना शिक्षिका करतात, तिथला दोन वर्षांचा अभ्यास करायचा होता. पंधराव्या वर्षी पुसलेलं कपाळ घेऊन मी माहेरी परत आले, तेव्हापासून तात्या मला रोज संध्याकाळी शिकवत होते. फायनलची परीक्षा त्यांनीच देववली. “तुझा वर्ग असेल, फळा असेल, आणि दारात मुलींच्या चपला नसतील, कारण त्या अनवाणीच येतील,” असं ते म्हणायचे आणि मला तो वर्ग दिसायचा. तात्या गेल्यावर तो आणखी स्पष्ट दिसू लागला. पहाटे दळताना, पाणी भरताना, आत्याचे पाय चेपताना मी मनातल्या मनात हजेरी घ्यायची. जूनमध्ये वर्ग सुरू होणार होता. राहण्याजेवणाचे दोन वर्षांचे पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर त्या पेटीत होतं.

पेटी कशी विकायची, हाच काय तो प्रश्न होता. कर्जतच्या बाजारातला हिरामण सोनार स्वतःहून घरी येऊन गेला. “ताई, तोळ्यावर घेतो,” म्हणाला. “राजाराणीची नावं मला नकोत. मुशीत सगळी एका रंगाची होतात.” आत्यानं त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर त्याची कपबशी जरा जास्तच वेळ घासली. दादा म्हणाला, थांब, मुंबईला एक पारखी आहे, जुनी नाणी घेतो. चैत्र संपता संपता तो त्या गृहस्थांना घेऊन आला. ते हवापालटासाठी माथेरानला निघाले होते. नेरळऐवजी एक दिवस कर्जतला उतरले.

काळी टोपी, पांढरा लांब कोट, खिशात भिंग. माजघरात चटईवर बसून त्यांनी एकेक पुडी उघडली. तांबं एका बाजूला, चांदी दुसऱ्या बाजूला. पुड्यांवरचं वाचून हसले.

“तुमच्या वडिलांनी पैसे जमवलेच नाहीत. पत्ते जमवले,” म्हणाले. “पुड्या तुम्ही ठेवा. मला नुसती नाणी पुरेत.”

पेटीच्या तळाशी एक वेगळी जुडी होती. सात पुड्या, एका लाल दोऱ्यात ओवलेल्या. प्रत्येक पुडीच्या कोपऱ्यातून सुई घालून दोरा काढलेला आणि दोन्ही टोकांची गाठ मारलेली. ती जुडी मला लहानपणापासून माहीत होती. सातही पुड्यांवर एकच नाव, वरच्या वाडीतल्या आवडीचं. मला वाटे, तात्यांना ती नाणी फार आवडतात म्हणून ती निराळी ठेवलीत.

पारख्यांनी दोरा न तोडता पुड्या उकलल्या. पहिला रुपया भिंगाखाली धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. दुसरा धरला. तिसरा. मग सातही रुपये त्यांनी एका ओळीत मांडले.

“हा छाप मी आयुष्यात एकदाच पाहिलाय,” ते म्हणाले. “आणि इथे सात. कुणाच्या देजाचे, नवरीच्या मोलाचे असणार. वरच्या वाड्यांत पूर्वी देज अशाच रुपयांत द्यायचे.”

“सापडलेले आहेत,” मी म्हटलं. “पुडीवर लिहिलंय.”

“असेल. पण हे बघा.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “इथं कडेला, वरच्या अंगाला. घासल्यासारखं दिसतंय? इथं कडी होती. माळेत ओवायला सोनार डाग देऊन कडी जोडतो. ही कडी कुणीतरी दगडावर घासून काढलीय. सोनारानं काढली असती, तर इतकी ओबडधोबड निघाली नसती. सातही नाण्यांना एकाच जागी खूण आहे. एकाच गळ्यातली आहेत ही.”

मी भिंग सातही रुपयांवरून एकेक करून फिरवलं.

पारख्यांनी आकडा सांगितला. पेटी या सातांसकट दिली, तर पुण्याची दोन्ही वर्षं निघत होती. सात काढून घेतली, तर उरलेल्या पेटीचे निम्मेही येत नव्हते. “मी सातांसाठीच घेतोय, खोटं कशाला बोलू,” ते म्हणाले. “आठ दिवसांनी माथेरानहून उतरेन. तोवर विचार करा.”

ते गेल्यावर दादा म्हणाला, “आता विचार कसला करायचा?”

“ती आवडीच्या गळ्यातली आहेत, दादा.”

“पुडीवर तुझंच अक्षर आहे. पळसाच्या मुळाशी सापडलं, असं लिहिलंयस.”

“अक्षर माझं. पळस तिनं सांगितलेला.”

“सोळा वर्षं झाली, उमे. तिला आठवतही नसेल. तात्यांनी धान्य मोजून दिलं, तिनं नाणी दिली. यात कुणी कुणाला फसवलं?”

दादा खोटं बोलत नव्हता.

पहाटे दळायला बसले, तेव्हा जात्याशी मला माझीच जुनी ओवी आठवली. आठ वर्षांची असताना आवडीच्या जागांवर मी ओव्या रचल्या होत्या. तात्यांनी त्या हसून ऐकल्या होत्या, पण हसताना डोळे मिटून घेतले होते.

*पयलं नाणं बाई, पळसाच्या मुळाशी*
*मातीच्या कुशीशी, झोपलेलं*

*दुसरं नाणं बाई, मोहाच्या सावलीला*
*आवडी माउलीला, दिसलेलं*

तिसरं ओढ्याच्या वळणाला. चौथं वाघजाईच्या दगडामागे. पाचवं वरीच्या शेतात. सहावं मुंग्यांच्या वारुळात. ही सहा ठिकाणं मी कधी पाहिली नव्हती, पण सासरच्या त्या दहा महिन्यांत मी रोज रात्री डोळे मिटून त्या वाटेनं चालून येत असे. पळस, मोह, ओढा, वाघजाई. कुणाला आजोळ आठवतं, मला आवडीच्या जागा आठवायच्या. सातव्याला मात्र ओवी नव्हती. सातव्या पुडीवर एकच शब्द होता, ‘वाटेवर’. त्याला माझ्याकडून यमक जुळलं नव्हतं.

जातं थांबवून मी बसून राहिले. आवडीनं नाणी आणली, ते मानमोडीच्या साथीचं वर्ष होतं. पाऊस दडून राहिला होता आणि वाडीत घरटी एक माणूस तापानं पडलं होतं. बायका गळ्यातल्या माळा घेऊन कशेळ्याच्या बाजारात येत. तात्या कुणाचीच माळ घेत नसत. “अंगावरचं मी घेणार नाही,” ते म्हणायचे. वाडीत पोरीचं देज बापाच्या हाती पडतं. एखादा बाप ते रुपये खर्चत नाही; कड्या लावून, माळ करून लेकीच्याच गळ्यात घालतो. “त्यात तिच्या बापाची माया असते, उमे. ती मी पायलीनं कशी मोजू?” तात्या नुसतं धान्य द्यायला जायचे. बाकीच्या बायका पदर पसरायच्या. आवडीनं एकदा पायली ओट्यावर तशीच ठेवली आणि म्हणाली, “फुकटचं नको, मास्तर.” ती निघून गेली. पुढच्या बाजाराला आली, तेव्हा तिच्या मुठीत मातीनं माखलेला एक रुपया होता.

“कुठं गावलं?”

“पळसाच्या मुळाशी.”

मी लिहिलं. मी मान वर करून तिच्या गळ्याकडे पाहिलं नाही. जोडाक्षर नीट काढायचं होतं ना.

गुरुवारी मी आत्याला घेऊन बैलगाडीनं कशेळ्याला गेले. आत्या ओळखीच्या घरी टेकली आणि मी एकटीच वरच्या वाडीची वाट धरली. मनाशी एक ठरवलं होतं, आणि ते फारसं शहाणपणाचं नव्हतं. आवडीला विचारायचं. ती मातीत गावलं म्हणाली, तर मी सुटले. मग नाणी माझी आणि पुणंही माझं. वर चढता चढता मला कळलं, की ती तसंच म्हणावी म्हणून मी देवाला आळवते आहे.

कारवीच्या कुडाचं घर. पुढं सारवलेल्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड वास. आवडी फुलांतला काडीकचरा वेचत बसली होती. केस पांढरे झाले होते. गळ्यात पांढऱ्या मण्यांच्या दोन सरी, बाकी काही नाही.

“मास्तरांची उमा ना गं तू?” तिनं उठल्यावाचून विचारलं. “ये बाय, बस. फुलांवं पाय नको देऊस, आंबतील. पुण्याला जातेस ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तुझ्या आत्यानं साऱ्या बाजाराला सांगितलंय. मीठ घेताना सांगते, मिरची घेताना सांगते. मिरचीवाल्यानं तर इचारलं, पुणं हाय तरी कुठं.” ती हसली. “मास्तर असते तर लय खूश झाले असते. आमी समदी रडलो गं, मास्तर गेले तवा. जैतूच्या तापात औषध घेऊन ह्या डोंगरावं चढून आले व्हते.”

जैतू तिचा नवरा. त्या मानमोडीत गेला, एवढं मला माहीत होतं.

मी टोपलीतून जुडी काढली नाही. आधी विचारलं. “आवडी, तू तात्यांना सात रुपये आणून दिले होतेस. आठवतंय?”

तिचा हात मोहाच्या फुलांत थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“आठवतंय की.”

“ते विकायचे आहेत. पुण्यासाठी. म्हणून विचारते, कुठं सापडले होते?”

“तूच लिवलंस की गं तवा. आता मला काय इचारतेस?” तिनं एक काडी उचलून लांब फेकली. “पळसाच्या मुळाशी. मग मोहाखाली. वढ्याला. वाघजाईच्या दगडामागं. वरीत. वारुळात.”

सोळा वर्षांनी तिनं सहाही जागा एका दमात, त्याच क्रमानं सांगितल्या. खरोखर नाणं गावलेला माणूस इतकं पाठ करून ठेवत नाही.

“आणि सातवं?”

“वाटेवं.”

“मातीतच होती ना सगळी?”

“मातीतच, बाय. मास्तर अंगावरचं घेत नव्हते.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ईक तू. चांगला भाव घे. पुण्याला जा नि शिक. मग आमच्या पोरींनाबी शिकव.”

मी सुटले होते. हवं ते तिनं सांगितलं होतं. उठावं, पाया पडावं आणि उतरावं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात तिचा डावा हात गळ्याशी गेला. मण्यांच्या सरींच्या खाली, मोकळ्या कातडीवर, तिची बोटं अंतरा अंतरानं टेकत गेली. एक, दोन, तीन. सातपर्यंत गेली आणि पुन्हा फुलांत आली. तिला कळलंही नाही.

मी टोपलीतून जुडी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

आवडीनं दोरा पाहिला. पुडीला हात लावला नाही, दोऱ्याला लावला. बोट दोऱ्यावरून फिरत गाठीपाशी गेलं.

“ही गाठ कुणी मारली?”

“तात्यांनी. माझ्या हातची नाही.”

“बाकीच्या पुड्यांना हाय असा दोरा?”

“नाही. दोनशेवर पुड्या आहेत पेटीत. ओवलेल्या ह्या सातच.”

तिनं जुडी दोन्ही हातांनी उचलली. सात पुड्या दोऱ्यावर पसरल्या आणि मधोमध झोळ पडला. माळ दोन बोटांवर धरली की पडतो, तसाच. आवडी त्याकडे बघत राहिली. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. इतकी वर्षं मी त्याला जुडी म्हणत होते.

“मास्तरांना ठावं व्हतं,” ती हळू म्हणाली.

“मला तरी तसंच वाटतं.”

“ठावं व्हतं, तरी दर डावाला इचारायचे. कुठं गावलं म्हणून.”

“हो.”

“आन मी सांगायची.” तिच्या तोंडावर हसू आलं आणि ओठांशीच अडलं. “केवढा इचार करायची गं मी. बाजाराच्या आदल्या दिवशी कडी घासायची नि मग डोंगरभर नजर फिरवायची. कुठली जागा सांगू, कुठली खरी वाटंल. तू बोरू घेऊन बसलेली असायचीस, तोंड वासून. तुझ्यासाठी वारूळ काढलं मी. म्हटलं, पोरीला आवडंल.”

“मला आवडलं होतं.”

“सातव्याला काय सुचंना. जैतू सकाळीच गेलेला. त्याच्यासाठी न्हाय, पोरांसाठी भात पायजे व्हता. वाटेवं गावलं म्हटलं.”

मोहाच्या फुलांवर माश्या घोंघावत होत्या. खाली कशेळ्याचा बाजार इवलासा दिसत होता. तिनं माळ पुन्हा माझ्याकडे धरली.

“घे. मास्तरांना सात डाव सांगितलं मी, मातीत गावलं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. आता माझा शब्द मी नाय फिरवायची. तुझं पुणं हाय त्याच्यात.”

मी हात पुढे केला नाही. काय बोलावं, ते वर चढताना ठरवलं नव्हतं, पण बोलले.

“आवडी, उरलेली पेटी मी पारख्यांना देणार आहे. पुड्यांसकट घेतली तरच देईन, पत्ते टाकू देणार नाही. जेवढे येतील तेवढे येतील. एक वर्ष कर्जतला मुली जमवून शिकवीन, आणि पुण्याला पुढच्या जूनला जाईन. तू काहीही म्हणालीस तरी जाईन. तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.”

“वरीस जाईल गं तुझं.”

“जाऊ दे.”

तिनं पुढं धरलेली माळ मांडीवर घेतली. मला तात्यांची फार आठवण आली. ते इथं असते तर उभे राहिले असते आणि दोन्ही हात पाठीशी घेतले असते. मी उठून उभी राहिले. हात पाठीमागे घेतले. त्यांचा आवाज मला काढता येत नाही, कुणालाच येणार नाही. पण शब्द ठाऊक होते.

“कुठं गावलं?”

आवडीनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोरा डोक्यावरून गळ्यात घातला. कागदाच्या सात पुड्या मण्यांच्या खाली येऊन टेकल्या, आणि तिनं त्यांच्यावर तळहात ठेवला.

“आयेच्या गळ्यात,” ती म्हणाली. “माझी आय कोंडी. मला नवऱ्याघरी लावून देताना तिनं आपल्या गळ्यातली काढून माझ्या गळ्यात घातली. तितंच गावलं, मास्तर. साती तितंच.”